'रणांगण': काही महिन्यांनी, फेरवाचनानंतर

विश्राम बेडेकरांची ही 1939 ची कादंबरी चणीने लहान आहे, एका बैठकीत सहज संपते. घोटाळा तिथेच होतो. एका दमात वाचली की शेवटचा धक्का तेवढा डोक्यात राहतो आणि बाकीचं पुसट होतं. युरोपातून निघालेली बोट मुंबईला लागते तिथे पुस्तक मिटा. पुढची पत्रं दुसऱ्या दिवशी वाचा. बोटीवर प्रेमात पडलेल्या दोघांपैकी मराठी चक्रधर उतरलेला, जर्मन ज्यू हॅर्टा तशीच शांघायच्या वाटेवर. मधला एक रिकामा दिवस वाचणाऱ्यालाही सोसू दे की!

प्रस्तावना असलीच तर ती शेवटी वाचा. आधी एवढं माहीत असलं तरी पुरे: तेव्हा नाझी जर्मनीतून निघणाऱ्या ज्यूंना जेमतेम 10 मार्क बरोबर नेता येत. बहुतेक देश दार लावून बसले होते, शांघायला मात्र व्हिसाशिवाय उतरता येई. हे ठाऊक नसेल तर बोटीवरची थट्टा, लगट उथळ वाटते. मग 'चार दिवसांत कुठे एवढं प्रेम जडतं का?' ही नेहमीची तक्रार येते. जडतं, कारण हॅर्टाकडे तेवढेच दिवस आहेत. उतरल्यावर पत्ता काय सांगायचा हेही तिला माहीत नाही.

पहिल्यांदा वाचताना रडू येतं ते हॅर्टासाठी. काही महिन्यांनी पुन्हा उघडली की चक्रधरचा राग येतो, आणि हा राग जास्त दिवस टिकतो. कथा तोच सांगतो, म्हणून पहिल्या खेपेला त्याच्या सबबी आपल्याही होऊन जातात. आधीच्या प्रेमात उमाकडून पोळलेला हा माणूस हातचं राखून वागतो. हॅर्टा मात्र तिच्या आधीच्या प्रियकराची, कार्लची आठवणही त्याच्यासमोर उघडी करते. शेवट माहीत असला की जागोजागी वाटतं, अरे, आता तरी बोल! बोलला असता तरी परवान्यांच्या त्या जगात त्याच्या हातात फारसं काही नव्हतं, हेही दिसतं. मग रागही धड धरवत नाही. दुसऱ्या वाचनाचा खरा त्रास हाच.

निखळ प्रेमकथा हवी असेल त्यांनी वाटेला जाऊ नये. एक उणीव मात्र दोन्ही वेळा खटकते: उमाचं प्रकरण फार त्रोटक आहे. चक्रधरच्या सगळ्या कडवटपणाचं ओझं त्या एवढ्याशा भूतकाळावर टाकलंय, आणि ते त्याला पेलत नाही.