पाथर्डी फाट्याजवळची वन आरके: काही महिने राहून मुदतीआधी सोडली, त्याचा अनुभव

मी आणि माझी मैत्रीण, दोघींची ड्युटी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, म्हणून पाथर्डी फाट्याच्या बाजूला वन आरके घेतली होती. भाडं ७ हजार, डिपॉझिट २० हजार. एप्रिलमध्ये राहायला गेलो तेव्हा रूम खरंच छान वाटली, नवीन कलर, हवा खेळती, कंपनीची बस जवळच, पाण्याची अडचण नाही, शेजारच्या काकू तर फारच चांगल्या. दिवाळीच्या आधी सोडली.

कारण एकच, ओल. पावसाची झड लागली आणि बाथरूमच्या डक्टकडची भिंत ओल धरायला लागली. आधी वरच्या कोपऱ्यात ताटाएवढा डाग, मग तो उतरत उतरत पार प्लगच्या बोर्डापर्यंत आला. नव्या कलरला फुगे आले, बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा आणि आत जुनी काळी बुरशी. म्हणजे आधीच्या पावसाळ्यातली ओल तशीच ठेवून वरून कलर मारून दिलेला. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण रूम बघायला आलो तेव्हा आम्ही स्पष्ट विचारलं होतं की लीकेज आहे का, तर "अजिबात नाही" म्हणाले होते. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, गादी खालून काळी पडली, आणि मैत्रिणीला दम्याचा त्रास, तिची रात्रीची झोपच गेली.

मालक काका बोलायला गोड. "पाऊस थांबला की वॉटरप्रूफिंग करून देतो गं." गणपती गेले, नवरात्र बसलं, माणूस काही आला नाही. शेवटी आम्ही सोडतो म्हणालो तर सूर एकदम बदलला, "अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे, मधेच गेलात तर डिपॉझिट विसरा."

इथे आमचं ॲग्रीमेंट कामाला आलं. सुरुवातीला काका म्हणत होते नोटरी करू, स्वस्तात होईल, पण आम्ही रजिस्टरचाच हट्ट धरला होता. खर्च फार नसतो हो, एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, त्यात डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरतात, आमच्या भाड्याला ती दोनशेच्या आसपास बसते, शहरात नोंदणी फी १००० आणि एजंटचे वेगळे. अंगठा, फोटो घ्यायला माणूस घरी येतो. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं ॲग्रीमेंट, रजिस्टर करणं मालकाचीच जबाबदारी आहे, नाही केलं तर त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अटींवरून वाद झाला तर भाडेकरू सांगतो ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नाही, हे नाशकात अजूनही कित्येकांना कुणी सांगत नाही.

आमच्या ॲग्रीमेंटमध्ये लॉक-इनचा, म्हणजे ठरावीक महिने सोडायचं नाही असा कलमच नव्हता, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस एवढंच. तुमच्यात लॉक-इन असेल तर गोष्ट वेगळी, तेवढ्या महिन्यांचं भाडं मालक मागणारच, म्हणून सही करायच्या आधी तोच कलम वाचा.

नोटीस लेखी दिली, तारखेसकट, ॲग्रीमेंटमधल्या कलमाचा नंबर टाकून. काकांनी कॉपीवर सही द्यायला नाही म्हटलं म्हणून तीच स्पीड पोस्टाने पाठवली आणि व्हॉट्सॲपवर पण टाकली. नोटीसच्या महिन्याचं भाडं नेहमीसारखं वेळेवर भरलं. डिपॉझिटमधून वळतं करून घ्या असं बरेच जण सांगत होते, पण मग अट आपण मोडली असं होतं आणि बोलायला जागा राहत नाही.

चावी दिली त्या दिवशी सगळ्या रूमचा व्हिडिओ काढला, लाईटच्या सबमीटरचं रीडिंग काकांसमोर लिहिलं आणि ताबा मिळाल्याची त्यांची सही घेतली. ही सही सोडू नका. त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदत संपूनही ताबा दिला नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, त्यामुळे आपण कधी बाहेर पडलो याचा कागद आपल्याच हातात पाहिजे.

काकांनी पेंटिंगचे म्हणून ५ हजार कापायला काढले होते. पावसाळ्यात जसजशी ओल वाढली तसे फोटो आम्ही त्यांनाच व्हॉट्सॲप करत होतो आणि खाली त्यांचं "करून देतो" लिहिलेलं होतं, ते पुढे ठेवलं. मग फक्त लाईट बिल कापून बाकीचे पैसे ट्रान्सफर केले, तेही बराच पाठपुरावा केल्यावर.

रूमला परत कलर मारलाय आणि टू-लेटचा बोर्ड लागलाय असं काकू सांगत होत्या. त्या भागात कुणी बघायला जाणार असाल तर भिंतीला टेकलेलं कपाट सरकवायला लावा आणि बाथरूमच्या मागची भिंत हाताने दाबून बघा, मालक कितीही घाईत असला तरी.