पेट्रोल साधं, ९५ की १००? दहा महिने वहीत लिहून ठेवलेला हिशोब

आधी गाडी सांगतो म्हणजे कुणाला लागू होईल ते कळेल. २०१९ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, आत्तापर्यंत ६८ हजार किलोमीटर झालेत. रोजचं पुण्यात वारजे ते खराडी आणि महिन्यातून एकदा कराड, कारण सासुरवाडी कराडजवळ. जानेवारी २०२५ पासून ऑक्टोबरपर्यंत दर वेळी टाकी फुल, नोझल ऑटो कट झालं की बास, वरून गळ्यापर्यंत भरायचं नाही, आणि किलोमीटर व लिटर वहीत. गाडीतल्या स्क्रीनवर दिसणारं ॲव्हरेज मी धरत नाही, माझ्या गाडीत ते कायम एक-दीडने जास्तच दाखवतं.

हे सगळं सुरू झालं पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटामुळे. डिसेंबरमध्ये सर्व्हिसिंग करून आणलं आणि जानेवारीत कराडला जाताना घाट चढताना पुढून बारीक खडखड यायला लागली, डब्यात खडे हलवावेत तशी, ॲक्सिलरेटर दाबला की येते, सोडला की गायब. पुण्याकडे परत येताना आपण बोगद्यातून येतो, तो चढ नाही, त्यामुळे येताना काहीच आवाज नाही. बायको म्हणाली, अहो, तुमच्या गाडीलापण माझ्या माहेरी जायचं जिवावर येतं. हसलो पण डोक्यात किडा घुसला. नेटवर वाचलं, मित्रांना विचारलं, सगळ्यांचं एकच, नॉकिंग आहे, ऑक्टेन कमी पडतंय, प्रीमियम टाक.

नॉकिंग म्हणजे काय ते मला समजलं तसं सांगतो. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवा दाबली जाते, दाबली की तापते, मग प्लगची ठिणगी पडते आणि तिथून जाळ पसरत जायला पाहिजे. पण कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण जाळ पोचायच्या आधीच आपलं आपण भडकलं की ती खडखड येते. ऑक्टेनचा आकडा (पंपावरचं ९५, १०० म्हणजे हाच) म्हणजे पेट्रोल असं आपोआप भडकायला किती विरोध करतं त्याचं माप, बास. त्यात ताकद जास्त असते असं काही नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि मीपण त्यातलाच होतो. जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो इंजिनला ते लागतं, साध्या इंजिनला मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच्या वरचं घालून इंजिन काही जास्त पळत नाही.

माझ्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, ९१ किंवा त्यापेक्षा जास्त, आणि इथेनॉल (पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल) १० टक्क्यांपर्यंत. हे पान मी गाडी घेतल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा उघडलं. (आमचा चुलत भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणाला आमच्याकडे ८७ टाकतात, तुम्ही ९५ चं काय घेऊन बसलात. तर तिकडचं माप वेगळं, तिथे दोन पद्धतीच्या आकड्यांची सरासरी पंपावर लिहितात, त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. आणि हा भाऊ सल्ले देतो पण न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे त्याने कधी नोझल हातात धरलेलं नाही.)

जानेवारी-फेब्रुवारी साधं पेट्रोल. सिटी-हायवे मिळून ॲव्हरेज १५.२. मार्चपासून प्रीमियम ९५ चालू केलं, लिटरमागे साडेसात रुपये जास्त. मार्च ते जून चार महिने तेच. मार्च-एप्रिल-मे घाटात आवाज होताच, कदाचित थोडा कमी वाटायचा, पण पैसे भरलेत म्हणल्यावर कानाला कमीच वाटणार ना. जूनच्या शेवटी मात्र आवाज खरंच कमी झाला आणि मी छाती फुगवून मेव्हण्याला सांगितलं, बघ, चार महिन्यात आतून साफ झालं इंजिन. आता कळतंय की तेव्हा पाऊस चालू झाला होता. गार हवा आत गेली की नॉकिंग आपोआप कमी होतं, गरम हवेत वाढतं. श्रेय पावसाचं आणि बिल माझं.

त्या चार महिन्यांचं ॲव्हरेज १५.४. म्हणजे लिटरला दोनशे मीटर जास्त. एवढा फरक तर टायरमध्ये हवा भरली तरी पडतो, सिग्नल लागले नाहीत तरी पडतो. साध्याला किलोमीटरला ६ रुपये ८४ पैसे पडत होते, प्रीमियमला ७ रुपये २४ पैसे. चार हजार किलोमीटर झाले असतील, म्हणजे सोळाशे रुपये गेले.

आणि खरी गंमत ऑगस्टमध्ये कळली. इथेनॉलवरून एवढा गदारोळ झाला तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानेच खुलासा दिला की बीएस-२ च्या (बीएस म्हणजे गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम) वेळी ८८ असलेलं ऑक्टेन बीएस-६ ला ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ च्या आसपास गेलंय. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभरच्या वर असतं. म्हणजे साध्या नोझलमधूनच ९५ मिळत असताना मी ९५ चा बोर्ड बघून जास्त पैसे देत होतो! प्रीमियममध्ये जे वेगळं असतं ते मुख्य म्हणजे साफसफाईचे ॲडिटिव्ह. ते अगदीच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, माझ्यासारख्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं तिथे व्हॉल्व्ह धुवून निघायला मदत होते, पण ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात तिथे ते इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. सहा महिन्यातून एखादी टाकी भरा हवं तर.

मधे जुलैमध्ये एकदा एक्सपी-१०० पण भरून बघितलं. हौस. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये हे आणलं आणि यात इथेनॉल नसतं म्हणून जुन्या गाड्यावाले याच्या मागे असतात. सगळ्या पंपांवर मिळत नाही, मला दोन पंप पालथे घालावे लागले. लिटरला एकशेसाठच्या वर, तीस लिटरला जवळपास पाच हजार, बायकोला आकडा सांगितला नाही, फास्टॅगमध्ये गेले म्हणून सांगितलं. ॲव्हरेज १६.३ आलं. साध्यापेक्षा सात टक्के जास्त, आणि हे बरोबर जुळतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, २० टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी असाच ६-७ टक्क्यांचा आकडा होता. म्हणजे ॲव्हरेज वाढलं ते शंभर ऑक्टेनने नाही, इथेनॉल नसल्याने. घाटात आवाज शून्य. पण किलोमीटरला दहा रुपये! त्यात तर शेअर रिक्षाने जाईन.

आवाजाचा निकाल गणपतीत लागला. चौघं, डिकीत सामान, एसी चालू, त्या दिवशी पाऊस नाही आणि ऊन कडक, साधं पेट्रोल. खंबाटकीत पुन्हा तीच खडखड, जानेवारीपेक्षा मोठी. कराडला पोचल्यावर सासऱ्यांना म्हणलं, मामा, गाडी कुणाला तरी दाखवू. ते घेऊन गेले त्यांच्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीकडे. मी मनात म्हणलं, झालं कल्याण. मिस्त्रीने आधी विचारलं, घाट कितव्यात चढवता? म्हणलं तिसऱ्यात, चौथ्यातपण चढते. म्हणाला, चढते म्हणून चढवायची का, दुसरा टाका की, कमी आरपीएमला एवढा लोड दिल्यावर कुठलीबी गाडी ठोकणार. मग प्लग काढले. पोर्सलिनचा भाग पांढराफटक, वर बारीक फोड आल्यासारखे. तो म्हणाला हा खारी बिस्किटाच्या रंगाचा पाहिजे, पांढरा म्हणजे प्लग लई तापतोय. प्लगवरचा नंबर वाचला, मॅन्युअल काढलं, नंबर वेगळा. डिसेंबरच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने जास्त तापणाऱ्या प्रकारचे प्लग बसवले होते, आटे जुळले की झालं त्याचं. तेच टोक लालबुंद राहून मिश्रण तापवत होतं आणि मी आठ महिने पेट्रोल बदलत बसलो. शंभर ऑक्टेनने आवाज थांबला तो ताप आल्यावर क्रोसिन घेतल्यासारखा. बरोबर नंबरचे चार प्लग सातशेच्या आत आले. मिस्त्रीने मजुरी घेतली नाही, चहा मात्र मलाच पाजायला लावला.

सप्टेंबर-ऑक्टोबर साधं पेट्रोल, नवे प्लग, चढाला दुसरा-तिसरा. ॲव्हरेज १५.५, आवाज नाही. ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा नाही.

इथेनॉलबद्दल मात्र माझी तक्रार आहे ती आहे. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्यांचे रबर-पाइप ई-२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेत, माझी त्याआधीची. अजून काही गळलं नाही, पण दोन महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाइपांवर हात फिरवतो, वास घेतो. बायकोची जुनी स्कूटर पावसाळ्यात उभी होती तिचं पेट्रोल काढून टाकलं, कारण या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल पाण्याला धरून तळाशी जाऊन बसतं आणि मग वर जे उरतं त्याचं ऑक्टेनपण कमी. हे सासऱ्यांसमोर बोलायची सोय नाही, त्यांचा ऊस कारखान्याला जातो. म्हणाले, जावईबापू, आमचा ऊस तुमच्या टाकीत जातोय तर दोन रुपये सोसा की. मी म्हणलं मामा, आता उसापेक्षा मक्याचं इथेनॉल जास्त बनतंय. त्यावर ते जेवण होईपर्यंत बोलले नाहीत.

पंपावरचं थोडं. एका पंपावर पोरगा न विचारता प्रीमियमचं नोझल घालून मोकळा, मग म्हणतो साहेब साधं संपलंय, शेजारच्या मशीनवर साधं चालू होतं. तेव्हापासून झिरो बघायच्या आधी नोझल कुठलं ते बघतो. शंका आली तर फिल्टर पेपर मागा, फुकट द्यावा लागतो, थेंब टाकला की दोन मिनिटात डाग न राहता उडून गेला पाहिजे. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं माप पंपावर असतंच, त्यात २५ मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. मशीनवर डेन्सिटी लिहिलेली असते ती ७२० ते ७७५ मध्ये हवी. पण डेन्सिटी बघून ऑक्टेन कळतं असं जे लोक छातीठोक सांगतात ते चूक, डेन्सिटीने भेसळीचा अंदाज येतो, ऑक्टेन मोजायला लॅबमध्ये वेगळं इंजिन लागतं.

टर्बोवाल्यांना मात्र माझा हिशोब जसाच्या तसा लावू नका. मेव्हण्याची एक लिटर टर्बो आहे, पेट्रोलच्या झाकणावरचं स्टिकर आणि मॅन्युअल वाचून तो ९५ च्या खाली जात नाही आणि ते बरोबर आहे, नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतो, ऑक्टेन कमी पडलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी मेल्यासारखी ओढते. पण तो महिन्यातून एकदा १०० पण भरतो आणि म्हणतो गाडी उडते. परवा दिवाळीला माझी वही त्याने बघितली आणि म्हणाला, भाओजी, माझंपण असंच काढून द्या ना. पावत्या दिल्यात पिशवीभर. अजून बसलो नाही, कारण आकडा काय येणार ते मला माहितीये आणि भाऊबीजेला मिळालेला शर्ट छान आहे.