रात्री आपोआप फाइली पाठवण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यातून डिस्पॅचच्या याद्या आणि तपासणी अहवाल रोज रात्री ग्राहक कंपनीच्या सर्व्हरवर जातात, आणि त्या वेळी संगणकासमोर कोणीही नसते. अशा कामासाठी साधन निवडताना ते किती वेगवान आहे यापेक्षा, काम फसले तर ते काय करते, हे मी आधी पाहतो.

या कसोटीवर विंडोजमधील फाइल पाठवण्याची जुनी एफटीपी आज्ञा लगेच बाद होते. तिच्यातून पासवर्ड उघडाच जातो. शिवाय फाइल पोहोचली नाही तरी ती एक्झिट कोड (काम संपताना दिलेला निकालाचा आकडा) 0, म्हणजे ‘यशस्वी’, देते, त्यामुळे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या टास्क शेड्युलरला सारे सुरळीत झाल्यासारखे दिसते. फाइलझिला हा फाइली पाठवण्याचा प्रोग्राम हाताने काम करायला उत्तम आहे, पण त्यात स्क्रिप्टची, म्हणजे आज्ञा आधी लिहून ठेवून आपोआप चालवण्याची, सोयच नाही.

विंडोजवरील विनएससीपी या फाइली पाठवण्याच्या प्रोग्रामवर माझा सर्वाधिक भरवसा आहे. ते मोफत आहे, बॅच (म्हणजे माणसाविना चालण्याच्या) पद्धतीत प्रश्न विचारत अडून बसत नाही, चूक झाली की थांबून एक्झिट कोड 1 देते आणि सांगितल्यास प्रत्येक पायरीचा लॉग (नोंद) लिहिते. एसएफटीपीवरून (फाइली कूटबद्ध करून पाठवण्याच्या पद्धतीने) मोठी फाइल पाठवताना ते नावापुढे ‘.फाइलपार्ट’ जोडते आणि फाइल पूर्ण पोहोचल्यावरच मूळ नाव लावते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी समोरची प्रणाली अर्धवट फाइल पूर्ण समजून उचलत नाही. ही सोय मला फार मोलाची वाटते.

हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते, पण शेड्युलरमधून अडते, ही तक्रार नेहमीची आहे. बहुधा शेड्युलर वेगळ्या खात्यातून काम करत असतो आणि सर्व्हरची होस्ट-की (त्याची ओळख पटवणारी किल्ली) मात्र आपल्या खात्यात जतन झालेली असते. म्हणून तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी खूण, स्क्रिप्टमध्येच लिहावा. कोणतीही की स्वीकारण्याची मुभाही देता येते, पण मग समोरचा सर्व्हर खरा आहे याची खात्री उरत नाही. तो मार्ग कोणीही धरू नये.

लिनक्सवर आरसिंक हे फाइली जुळवून ठेवणारे साधन सरस आहे, कारण ते फाइलचा बदललेला भागच पाठवते. मात्र ते दोन्ही टोकांना असावे लागते, आणि ग्राहकाने केवळ एसएफटीपीचे खाते दिले असेल तर त्याचा उपयोग नाही. तेव्हा ओपनएसएसएच या संचातील एसएफटीपी आज्ञेची बॅच फाइल (आज्ञांची यादी) वापरावी. ती पहिल्या चुकीला थांबते, पण तिला पासवर्डऐवजी की-जोडी (एक गुप्त आणि एक जाहीर किल्ली) लागते, आणि तात्पुरत्या नावाची सोय नसल्याने फाइल चढवल्यावर नाव बदलण्याची ओळ आपणच लिहावी लागते.