फोर-व्हील ड्राइव्हचा दोष शोधून देणारे उद्यमबागेतील गॅरेज

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात ज्यांची शेते आहेत, त्यांच्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी रचना, ही मिरवण्याची गोष्ट नसते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत तांबड्या मातीच्या गाडीवाटा इतक्या निसरड्या होतात की केवळ मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी चढणीला लागली की जागच्या जागी चाके फिरवत बसते. म्हणूनच या भागातल्या अनेकांनी पंधरा-सोळा वर्षांच्या जुन्या एसयूव्ही अजून जपून ठेवल्या आहेत. या गाड्यांचे इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन पाहणारे मिस्त्री बेळगावात हवे तितके मिळतात. फोर-व्हील ड्राइव्हचा दोष नेमका कुठे आहे हे काहीही न उघडता शोधून सांगणारा मात्र क्वचितच भेटतो. उद्यमबागेतील ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, त्याचे मोल माझ्या दृष्टीने याच एका कामात आहे.

या गॅरेजला नावाची पाटी नाही. खानापूर रस्त्यावरून उद्यमबागेत वळले की फाउंड्री आणि मशीन शॉपच्या ओळी लागतात, त्यांतल्याच एका शेडमध्ये साठीच्या घरातले मालक आणि त्यांचा पुतण्या असे दोघे मिळून काम पाहतात. गिऱ्हाईक मराठीत बोलले तर मराठीत, कन्नडमध्ये बोलले तर कन्नडमध्ये, सगळे सावकाश समजावून सांगण्याची त्यांची रीत आहे. शेजारी लेथची दुकाने असल्यामुळे एखादे बुश किंवा फ्लँज नव्याने करून घ्यायची वेळ आली तरी गाडी फार दिवस अडकून पडत नाही.

माझी गाडी २००८ सालची डिझेल एसयूव्ही आहे. डॅशबोर्डवरचे बटण टू-हाय (फक्त मागची चाके), फोर-हाय (चारही चाके) आणि फोर-लो (चारही चाके, कमी वेगाच्या गिअरमध्ये) असे फिरवले की ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीवर, बसवलेली छोटी मोटर आतला गिअर सरकवते, आणि त्याच वेळी व्हॅक्यूमच्या जोरावर पुढच्या अ‍ॅक्सलची जोडणी होते. गेल्या पावसाळ्यापासून बटण फोर-हायवर नेले की डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर न होता लुकलुकत राही. कधी तो स्थिर झालाच, तरी चिखलात पुढची चाके हलत नसत. आधी ज्या ठिकाणी गाडी दाखवली, तिथे खाली एकदा डोकावून ‘ट्रान्सफर केस गेली, जुनी मिळते का पाहू’ असे सांगण्यात आले आणि मजुरी धरून साठ-पासष्ट हजारांचा अंदाज देण्यात आला. कोणतीही तपासणी न करता दिलेला हा अंदाज मला पटला नाही, म्हणून एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून मी उद्यमबागेत गेलो.

इथे पहिली गोष्ट झाली ती चौकशीची. दिवा थंड इंजिनावर लुकलुकतो की गरम झाल्यावर, फोर-हाय लावून डांबरी रस्त्यावर वळण घेतले आहे का, बटण परत टू-हायवर आणल्यावर गाडी अडखळते का, असे बरेच काही मालकांनी विचारून घेतले. त्यानंतर त्यांनी चारही टायर पाहिले, बनावट आणि माप वाचले आणि खाचांची खोली मोजली. टायरचा फोर-व्हील ड्राइव्हशी काय संबंध असा प्रश्न कुणालाही पडेल; मीही तो विचारला. पार्ट-टाइम पद्धतीत, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या गाडीत, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान वेगातला फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते, फोर-व्हील लावले की दोन्ही एकाच वेगाने फिरण्यास बांधलेले असतात. त्यामुळे पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले किंवा कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून वळण घेतले, तर सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमधल्या चेनमध्ये साठतो आणि गिअर सुटायला नकार देतो. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की तो ताण सुटतो. ज्या गाडीत एवढाच दोष असतो तिची पेटी खोलणे म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा वाया घालवणे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझ्या गाडीचे टायर एकसारखे होते, त्यामुळे ही शक्यता मिटली.

पुढची तपासणी मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या गॅरेजचे खरे कसब तिथे दिसले. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून आणि हँडब्रेक ओढून त्यांनी पुढचे फक्त उजवे चाक जॅकने उचलले, खाली स्टँड दिला आणि डावे चाक जमिनीवरच ठेवले. इंजिन चालू करून बटण दोन-तीनदा फिरवल्यावर एकदाचा दिवा स्थिर झाला, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केले आणि गाडीखाली जाऊन पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. शाफ्ट घट्ट होता, म्हणजे ट्रान्सफर केसने तो मागच्या शाफ्टशी जोडला होता आणि पेटी आपले काम करत होती. मग पुतण्याने उचललेले चाक फिरवले. सगळी साखळी जोडलेली असती तर ते चाक फिरायलाच नको होते. ते मात्र सहज फिरले आणि शाफ्ट जागचा हलला नाही. दोष ट्रान्सफर केसच्या पुढे, अ‍ॅक्सलच्या जोडणीत आहे, हे स्क्रूलाही हात न लावता माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध झाले. अशा गाडीत दिवा फक्त मोटरची स्थिती सांगतो, चाकांपर्यंत ताकद पोहोचली की नाही हे त्याला ठाऊक नसते, ही गोष्ट जुन्या एसयूव्हीच्या प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावी असे मला कळकळीने वाटते.

अर्थात यामुळे लुकलुकणाऱ्या दिव्याचे कोडे सुटत नव्हते. तो वेगळा दोष असावा, असे मालकांचे म्हणणे होते, आणि त्यांनी मल्टीमीटर घेतला. बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवत होती, फ्यूज आणि रिले ठीक होते. मोटर फिरत असताना मात्र तिच्या कनेक्टरवर दहा व्होल्टही पोहोचत नव्हते. ही मोटर दोन्ही दिशांना फिरते आणि तिला लागणारी अर्थिंग कंट्रोल युनिटमधूनच मिळते, म्हणून त्यांनी युनिटच्या अर्थिंगचा बिंदू आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधले व्होल्टेज मोटर चालू असतानाच मोजले. जिथे फार तर एक-दोन दशांश व्होल्ट दिसायला हवेत, तिथे जवळजवळ तीन व्होल्ट होते. बॉडीला बोल्टने बसवलेला तो अर्थिंगचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचे धातूचे कडे, सोडवला, तेव्हा त्याखाली हिरवट-पांढरा गंज साचलेला दिसला. लग नवा लावून जागा घासून स्वच्छ केल्यावर मोटर एका दमात आपला पल्ला पूर्ण करू लागली. ठरावीक वेळेत मोटर जागेवर पोहोचल्याची खूण पोझिशन सेन्सरकडून आली नाही की कंट्रोल युनिट दिवा लुकलुकवते. मोटर अशक्त चालत होती म्हणून ती खूण उशिरा येत होती. मोटर बदलून हा दोष कधीच गेला नसता.

अ‍ॅक्सलच्या जोडणीसाठी त्यांनी हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप काढला. डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटलचा अडसर नसल्यामुळे पुरेसा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. माझ्या गाडीत तो अल्टरनेटरच्या मागे आहे आणि ब्रेक बूस्टरही त्याच्यावरच चालतो, त्यामुळे व्हॅक्यूम गळत असला तर आधी ब्रेकची खात्री करून घ्यावी लागते. ती त्यांनी करून घेतली. मग पंप थेट जोडणीचा दांडा सरकवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरला जोडून पाऱ्याच्या मापाने वीस इंचांपर्यंत व्हॅक्यूम ओढला. काटा तिथेच थांबला, दांडा सरकला आणि उचललेले चाक हाताने फिरेनासे झाले. म्हणजे अ‍ॅक्चुएटरचा पडदाही धड होता. तोच पंप तिथे व्हॅक्यूम आणणाऱ्या रबरी नळीला जोडताच काटा हळूहळू शून्याकडे उतरू लागला. नळी वरून पाहता चांगली दिसत होती. चाकाच्या कमानीतल्या क्लिपजवळ तेलाने ती मऊ पडली होती आणि पुतण्याने तिथे ती बोटांत धरून वाकवली, तेव्हा केसासारखी बारीक भेग उघडली. पासष्ट हजारांच्या कामाचे मूळ एवढ्याशा भेगेत होते.

ट्रान्सफर केसचे तेलही त्यांनी काढून पाहिले. चेन ताणून केसच्या आतल्या बाजूला घासू लागली की तेलात अ‍ॅल्युमिनियमची चमकी दिसते आणि जोर लावताना खडखड ऐकू येते. तसे काही नव्हते. मात्र कुणीतरी त्यात जाड गिअर ऑइल भरले होते. मॅन्युअलमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल) सांगितले आहे, तेच त्यांनी पुस्तक उघडून पाहिल्यानंतर भरले.

दोष शोधण्याचे बाराशे रुपये ते वेगळे घेतात आणि काम त्यांच्याकडे केले नाही तरी ते द्यावे लागतात, हे गाडी आत घेण्यापूर्वीच सांगितले जाते. काहींना हे खटकते. माझे मत उलट आहे: शोधण्याचे पैसे मिळतात म्हणून सुटे भाग विकण्याची घाई त्यांना करावी लागत नाही. नळ्या, अर्थिंगचा लग, तेल आणि मजुरी धरून माझे सगळे बिल ४,८५० रुपये झाले, आणि काढलेली जुनी नळी त्यांनी मला परत दिली.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. कामाला वेळ लागतो. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळेल असे गृहीत धरू नये. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही. लिफ्ट नाही, एकच खड्डा आहे, त्यामुळे जूनमध्ये गाड्यांची रांग लागते. मे महिन्यातच गाडी नेलेली बरी. बिल हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर मिळते आणि त्यावर कोणता दोष कसा सापडला याचा उल्लेख नसतो. इतकी नेमकी तपासणी करणाऱ्यांनी मोजलेले आकडे कागदावर लिहून दिले, तर पुढच्या मिस्त्रीलाही त्याचा उपयोग होईल. मी हे त्यांना सुचवले आहे. इलेक्ट्रॉनिक कपलिंगने आपोआप चारही चाकांना ताकद देणाऱ्या नव्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या ते घेत नाहीत, कारण त्यांचा स्कॅनर सगळ्या कंपन्यांची युनिटे वाचू शकत नाही. माझ्यासमोर आलेली अशी एक गाडी त्यांनी तसे स्पष्ट सांगून परत पाठवली.

निघताना मालकांनी बजावले, ‘महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर फोर-हाय लावून किलोमीटरभर चालवा, डांबरावर नको.’ न वापरलेल्या जोडण्या गंजतात आणि पुढच्या बाजूच्या भागांना तेल लागत नाही, असे त्यांचे सांगणे होते. ट्रान्सफर केसच्या पुढच्या सीलमधून किंचित तेल पाझरते आहे, तेही त्यांनी दाखवून ठेवले; ते इतक्यात बदलायची गरज नाही, पातळी मात्र दर महिन्याला पाहावी, असे त्यांचे मत पडले. ते काम आम्ही दिवाळीनंतर करायचे ठरवले आहे.