‘सेड दॅट’च्या पुढचे इंग्रजी: मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲकॅडेमिक फ्रेजबँकचे परीक्षण

मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येऊन इंग्रजीत प्रबंध लिहू लागतो, तेव्हा ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ त्याला तोंडपाठ असते. अवतरणचिन्हे काढायची, ‘सेड टू’चे ‘टोल्ड’ करायचे, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ करायचे आणि क्रियापद एक पायरी मागच्या काळात न्यायचे. या कवायतीवर शाळेत इतका वेळ जातो याला कारण आहे. ‘मी उद्या येतो, असे तो म्हणाला’ या मराठी वाक्यात बोलणाऱ्याचा ‘मी’, त्याचा ‘उद्या’ आणि त्याचा वर्तमानकाळ जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत या तिन्ही गोष्टी हलतात. परीक्षेपुरते हे साधते. पण पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण हाती घेतले की प्रत्येक वाक्य कुणातरी अभ्यासकाच्या नावाने आणि ‘सेड दॅट’ने सुरू होते. मते एकाखाली एक रचली जातात; परंतु त्यांचा परस्परांशी संबंध काय आणि लिहिणाऱ्याला त्यांतले कोणते ग्राह्य वाटते, हे कुठेच उमटत नाही. ही दरी बुजवण्यासाठी इंग्रजीच्या शिक्षकांना हाताशी धरता येतील अशा साधनांपैकी मँचेस्टर विद्यापीठाची ‘ॲकॅडेमिक फ्रेजबँक’, म्हणजे शोधलेखनात लागणाऱ्या इंग्रजी वाक्यांशांचा संकेतस्थळावरील संग्रह, मला सर्वांत उपयुक्त वाटते, आणि तिच्या मर्यादाही वर्गात लवकर जाणवतात.

जॉन मॉर्ली यांनी सिद्ध केलेले हे संकेतस्थळ सर्वांसाठी विनामूल्य आहे. त्याची पीडीएफ आवृत्ती विकत मिळते. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा अभ्यासकांची गरज प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवून ते घडवलेले आहे. त्यातील वाक्यांशांचा मूळ संग्रह मँचेस्टर विद्यापीठातील १०० पदव्युत्तर प्रबंधांतून वेचलेला होता आणि पुढे त्यात भर पडत गेली. मांडणीमागे शोधलेखनाचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांची १९८०च्या दशकातली दृष्टी आहे: शोधनिबंधाच्या प्रत्येक टप्प्यावर लेखक कोणते काम करतो हे आधी ओळखायचे आणि मग त्या कामाची भाषा पाहायची. त्यामुळे येथे व्याकरणाची प्रकरणे नाहीत. प्रस्तावना करणे, पद्धती सांगणे, निष्कर्षांची चर्चा करणे, अशा कामांची शीर्षके आहेत.

त्यांपैकी ‘रेफरिंग टू सोर्सेस’ (संदर्भांचा उल्लेख) हा विभाग, म्हणजे इतरांचे म्हणणे आपल्या लेखनात मांडण्याचा, आपल्या विषयाचा गाभा आहे. येथे वाक्ये कर्त्यानुसार लावलेली आहेत. एका गटात संशोधक स्वतः वाक्याचा कर्ता असतो, दुसऱ्यात संशोधन पुढे येते, तिसऱ्यात विषय. ‘स्मिथ यांनी अमुक तपासले’ असे लिहिले की लक्ष स्मिथ यांच्यावर जाते. ‘अमुक प्रश्न अनेकांनी तपासला आहे’ असे लिहून नावे कंसात ठेवली की प्रश्न मुख्य होतो आणि माणसे त्याच्या आधाराला उभी राहतात. शाळेतल्या रूपांतरात वक्ता नेहमी अग्रभागी असतो, त्यामुळे दुसरी शक्यता अस्तित्वात आहे हेच विद्यार्थ्याला ठाऊक नसते. हे दोन गट शेजारी ठेवून त्याच्याकडून त्याच्याच आढाव्याचा एक परिच्छेद पुन्हा लिहून घेतला, तर नावांची यादी मोडून युक्तिवाद दिसू लागतो. पुढे मतांची सांगड घालण्याची आणि विरोध दाखवण्याची वाक्येही आहेत. माझ्या मते या विभागाचे सर्वांत मोलाचे दान तेच, कारण दोन अभ्यासकांना एकमेकांशी बोलायला लावणे कोणतीही व्याकरणपुस्तिका शिकवत नाही.

काळाच्या बाबतीत मात्र फ्रेजबँक दाखवते अधिक आणि समजावते कमी. एखाद्या विशिष्ट अभ्यासाबद्दल साधा भूतकाळ, अनेक अभ्यासांच्या संचिताबद्दल ‘हॅव शोन’सारखा पूर्ण वर्तमानकाळ आणि लेखकाच्या विचाराबद्दल ‘आर्ग्यूज’ असा वर्तमानकाळ, हा क्रम उदाहरणांतून दिसतो. परंतु वाक्याशेजारी कारण लिहिलेले नसते. ज्याला काळ एक पायरी मागे नेण्याची सवय लावलेली आहे तो ‘आर्ग्यूज’ पाहून गोंधळतो. येथे शिक्षकाने शाळेतलाच एक अपवाद वर काढावा: पृथ्वी सूर्याभोवती फिरते या ‘युनिव्हर्सल ट्रुथ’ला काळबदल लागत नाही, हे प्रत्येकाने पाठ केलेले असते. ‘फाउंड दॅट’नंतर वर्तमानकाळ वापरणारा संशोधक जवळजवळ हेच करत असतो, निष्कर्ष त्या पाहणीपुरता नसून आजही लागू आहे, असे तो सुचवतो. शिवाय संदर्भ देण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी एपीए शैली पूर्वसंशोधनासाठी भूतकाळ किंवा पूर्ण वर्तमानकाळ सुचवते, तर साहित्याच्या अभ्यासात रूढ असलेली एमएलए शैली वर्तमानकाळाकडे झुकते. फ्रेजबँक सर्व विद्याशाखांसाठी असल्याने तेथे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, आणि मार्गदर्शक नसेल तर विद्यार्थी एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळतो.

याहून गंभीर उणीव क्रियापदांच्या वजनाबाबत आहे. ‘सजेस्ट’, ‘आर्ग्यू’, ‘क्लेम’, ‘पॉइंट आउट’ ही क्रियापदे यादीत जवळजवळ येतात, आणि विद्यार्थ्याला ती अदलाबदल करण्याजोगी वाटतात. वास्तविक ‘पॉइंट आउट’ लिहिणारा ते विधान खरे मानतो, तर ‘क्लेम’ लिहिणारा हात राखून राहतो. हा भेद शिकवायला परके उदाहरण लागत नाही. मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणालाही ‘मंत्र्यांनी दावा केला’ आणि ‘मंत्र्यांनी निदर्शनास आणले’ यांतला फरक न शिकवता कळतो. वर्गात आधी मराठी बातमीतली अशी क्रियापदे वेगळी काढून घ्यावीत आणि मग फ्रेजबँक उघडावी. तीच यादी एकदम बोलकी होते. संकेतस्थळावर तयार स्वाध्याय नाहीत, म्हणून हे काम शिक्षकालाच करावे लागते.

दुसऱ्याने तयार केलेले वाक्य वापरणे म्हणजे वाङ्मयचौर्य नव्हे काय, ही शंका प्रामाणिक विद्यार्थी हमखास विचारतो, आणि ती विचारली जावी असेच मला वाटते. मॉर्ली यांचे उत्तर असे आहे की हे वाक्यांश आशयाच्या दृष्टीने तटस्थ आहेत. त्यांत कोणाचीही स्वतंत्र कल्पना नाही. आपल्याकडील नियमांशीही हे जुळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि साम्य मोजताना श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची व योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे मजकूर वगळले जातात. फ्रेजबँकेतले बहुतेक वाक्यांचे सांगाडे त्याहून आखूड आहेत. धोका तेथे नाहीच. सांगाडा तेथून घेऊन आत मूळ लेखकाचीच वाक्ये चार शब्द बदलून भरली, तर ‘ॲकॉर्डिंग टू’ लिहूनही ते वाक्य उसनेच राहते. मूळ पान मिटून, समजले ते आपल्या शब्दांत लिहिण्याच्या सरावाला पर्याय नाही, आणि तो सराव हे साधन देऊ शकत नाही.

पदवीच्या पहिल्या वर्षाला हे संकेतस्थळ मी सुचवणार नाही; वाक्यांचा साठा इतका मोठा आहे की निवडीची समज आल्याशिवाय तो ओझे होतो. पदव्युत्तर विद्यार्थी, पीएचडीचे संशोधक आणि त्यांना इंग्रजी शिकवणारे शिक्षक यांनी मात्र ते अवश्य वापरावे, आणि सुरुवात ‘रेफरिंग टू सोर्सेस’मधील कर्त्यानुसार लावलेल्या गटांपासूनच करावी. संदर्भसूचीची रचना, अवतरणाला पृष्ठक्रमांक देण्याची रीत, एपीएमध्ये ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचे अवतरण वेगळ्या परिच्छेदात अवतरणचिन्हांविना मांडण्याचा नियम, यांसाठी आपल्या विद्यापीठाने स्वीकारलेली शैलीपुस्तिका सोबत ठेवावी लागेल.