‘आपला माणूस’ म्हणून आला आणि अंगठा घेऊन गेला

ज्यांच्या घरचं कोणी गोदामात, जिनिंगमध्ये नाहीतर दालमिलमध्ये हमालीला जातं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे कागद तयार होतात, तिथेच माणूस नागवला जातो. कोर्ट फार पुढची गोष्ट.

माझा धाकटा भाऊ हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून असलेल्या एका धान्य गोदामात ठेकेदाराकडे होता. महिना 10,000 रुपये. मार्च 2023, हरभऱ्याची आवक जोरात. पोती थप्पीवर चढवायच्या पट्ट्याची जाळी सीझन सुरू झाला तेव्हापासूनच काढून ठेवलेली. एक पोतं अडकलं, ते सरळ करताना याचा हात ओढला गेला. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गेली. वय तीस.

सुपरवायझरने त्याला आपल्या गाडीत दवाखान्यात नेलं. तेवढं चांगलं केलं. पण आम्ही पोहोचायच्या आधीच केसपेपरवर लिहून घेतलं होतं की घरी कडबा कुट्टीत हात गेला. आमच्याकडे कडबा कुट्टी नाही. एक गाय होती, तीही आदल्या वर्षी विकली.

दोन-तीन दिवसांनी वॉर्डात एक माणूस आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, बगलेत फायली. कामगारांच्या केसेस पाहतो म्हणाला. बोलणं एकदम घरच्यासारखं. ‘‘दादा, मी आपलाच माणूस आहे. कोर्टात गेले तं दहा वर्ष जाते, अन् वकीलच खाऊन टाकते. तुमचा भाऊ ठेकेदाराचा माणूस, गोदामवाल्याशी त्याचा संबंधच नाही. मी ठेकेदाराच्या उरावर बसून पैसे काढतो.’’ भावाची बायको रडून राहिली होती, तिला म्हणाला, ‘‘ताई, कायले रडता? मी हाव ना.’’

ठेकेदाराने 40,000 रुपये दिले. त्यातले 15,000 या गृहस्थाने फी म्हणून तिथेच मोजून घेतले, वर स्टॅम्पपेपरचे पैसे वेगळे. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून भावाचा डावा अंगठा घेतला. कागदाची नक्कल मागितली तर ‘‘नोटरी करून आणतो’’ म्हणून गेला, तो गेलाच. मग फोन उचलणं बंद.

पुढे गावातल्या एका मास्तरांनी तालुका विधी सेवा समितीचा पत्ता सांगितला. तिथे औद्योगिक कामगाराला वकील फुकट मिळतो, 15100 या नंबरवरही विचारता येतं. वकीलबाईंनी आमच्यासमोर पाटीवर करावा तसा हिशेब केला. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, याचा त्याच्या आतच. 6,000 गुणिले तीस वर्षांचा गुणक 207.98, म्हणजे 12,47,880. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात 20 टक्के. झाले 2,49,576 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा, आणि काम बंद असतानाचे पगाराच्या चौथ्या हिश्शाइतके दर पंधरवड्याला मिळायचे तेही वेगळे. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. त्या पांढऱ्या शर्टाने आमच्या हातावर 25,000 टेकवले होते.

आणि त्याने सांगितलेलं एकेक वाक्य खोटं होतं. ठेकेदाराचा माणूस असला तरी काम गोदामाचं चाललं होतं, म्हणून गोदाम मालकावरही दावा होतो. मालकाने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपसातला प्रश्न. भरपाईचा हक्क सोडला असं कितीही स्टॅम्पवर लिहून घेतलं तरी कलम 17 प्रमाणे ते रद्दबातल. तडजोड करायची तर तिची नोंद भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी किंवा फसवून ठरवलेली दिसली तर ते नोंद नाकारू शकतात. वॉर्डातल्या खाटेवर झालेल्या व्यवहाराला तिथे फार किंमत नाही. दावा अपघातापासून दोन वर्षांत लावायचा, आणि आपण राहतो तिथल्या आयुक्तांकडेही लावता येतो, मालकाच्या ऑफिसच्या शहरात खेटे घालायला नको.

दावा लावला. ठेकेदाराने जबाबासोबत तोच स्टॅम्पपेपर जोडला, तेव्हा आम्ही तो पहिल्यांदा नीट पाहिला. मजकुरात पुन्हा ती कडबा कुट्टी. 40,000 रुपये ‘माणुसकीच्या नात्याने’ दिलेले. खाली ‘अशिक्षित असल्याने वाचून दाखवले व समजले’, आणि त्याखाली डावा अंगठा. माझा भाऊ दहावी पास आहे, बँकेत सही करतो. आणि कागदाच्या पाठीमागे मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, तारीख, खरेदी करणाऱ्याचं नाव. तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची. नाव ठेकेदाराच्या मुनिमाचं. म्हणजे ‘आपला माणूस’ वॉर्डात यायच्या आधीच कागद घेऊन ठेवलेला होता, आणि त्याचे पैसे आमच्याकडून घेतले. मला सगळ्यात जास्त चीड त्या स्टॅम्पच्या पैशांची येते, का ते सांगता येत नाही.

ठेकेदार म्हणतो हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता. हजेरीच्या मस्टरवर नाव नाही, नियुक्तीपत्र तर अशा कामात कोणालाच मिळत नाही. पण पगार फोनपेवर यायचा. ठेकेदाराच्या नंबरवरून दर महिन्याला आलेली रक्कम बँकेच्या पासबुकात छापून आली. सोबतच्या एका हमालाने त्या दिवशी उघड्या पट्ट्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता, तोही कामी आला. केसपेपरचं मात्र जड जातंय. ज्या वेळी जखमी माणूस वेदनेने तळमळतो, त्याच वेळी डॉक्टर विचारतात कसं झालं, आणि उत्तर कोण देतो ते पुढे वर्षानुवर्षं चिकटतं. घरचा माणूस पोहोचताच त्याने केसपेपर वाचावा, चूक असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगून खरं लिहून घ्यावं, पोलिसांच्या जबाबातही गोदामाचं नाव येऊ द्यावं.

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापत असतील तर मात्र हा रस्ता नाही, भरपाई त्याच विमा महामंडळाकडे मागावी लागते. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. भरपाईच्या तरतुदी त्यातही आहेतच, आमचा अपघात त्याआधीचा म्हणून जुन्या कायद्यातला. कोणी ‘‘आता तो कायदाच गेला’’ म्हणत आला तर ऐकू नका.

मध्यंतरी ठेकेदाराचा निरोप आला, बाहेर बसून मिटवून टाकू, दीड लाख देतो. वकीलबाईंनी उलट कळवलं की मिटवायचं तर आयुक्तांसमोर, पैसे तिथे जमा करून. तेव्हापासून तिकडून फोन नाही. साक्षीची तारीख लागली आहे, पट्ट्याचा फोटो काढणारा हमाल यायला तयार आहे.