दहा इंची टेबल सॉ आणि खोबणीतला अर्धा मिलिमीटर

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत गेल्या मे महिन्यात 10 इंची पात्याची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणारे यंत्र, आली. घडीचे पाय, ॲल्युमिनियमचे टेबल आणि दातेरी पट्टीवर सरकणारी फेन्स (लाकूड जिच्या कडेला टेकवून कापतात ती आडपट्टी) अशी तिची बांधणी आहे. याच बांधणीची यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जातात, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. विक्रेत्याने सर्वांत जास्त स्तुती केली ती फेन्सचीच. पुढची मूठ फिरवली की तिची दोन्ही टोके एकदम सरकतात आणि ती पात्याला कायम समांतर राहते, असे त्याचे म्हणणे होते. फळ्या उभ्या फाडण्यापुरते ते पटण्यासारखे आहे. मात्र पुस्तकांच्या कपाटासाठी आडव्या खोबणी, ज्यांना आता सगळे डेडो म्हणतात, पाडायला घेतल्या तेव्हा या फेन्सची खरी परीक्षा झाली, आणि हा अभिप्राय तेवढ्याच कामाविषयी आहे.

फाडकामात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर रंध्याचे दोन हात मारून निभावते. खोबणीत तसे होत नाही. ती अर्ध्या मिलिमीटरने रुंद झाली की फळी खुळखुळते आणि तेवढीच अरुंद राहिली की फळी आत जातच नाही. त्यात या यंत्राचा पाते बसवायचा दांडा आखूड आहे, त्यामुळे अनेक पाती एकत्र जोडून एकाच फेरीत रुंद खोबण पाडणारा डेडो संच त्यावर बसत नाही आणि बसवण्याचा प्रयत्नही कोणी करू नये. म्हणजे एकाच पात्याने आधी खोबणीची एक कड कापायची, फेन्स सरकवून दुसरी कड कापायची आणि मधले लाकूड आणखी काही फेऱ्यांत काढायचे. फेन्स नेमकी किती सरकली यावरच सगळे अवलंबून राहते.

यंत्रावरची मोजपट्टी इथे उपयोगाची नाही. तिच्यावर एकेक मिलिमीटरच्या रेघा आहेत आणि फेन्सची जागा दाखवणाऱ्या दर्शकावरची लाल रेघच जवळपास अर्धा मिलिमीटर जाड आहे. डोके जरा तिरके झाले की वाचन बदलते. शिवाय 18 मिलिमीटर म्हणून विकत घेतलेले प्लायवूड व्हर्नियरने (बारीक मापे घेणाऱ्या सरकत्या मापकाने) मोजले तर मे महिन्यात 17.4 भरले आणि तोच तुकडा पडवीत राहून जुलैमध्ये 17.5 झाला. आपल्याकडच्या पावसात हे व्हायचेच. तेव्हा आकडा पाठ करून फेन्स लावणे हा मार्गच चुकीचा आहे. शेजारच्या वाड्यावरचे एक वयस्क मेस्त, म्हणजे सुतार, माझी मोजामोजी थोडा वेळ पाहत उभे होते. पट्टी कशाला पाहता, जी फळी बसवायची तीच धरून पाहा, असे म्हणून ते निघून गेले. पुढे मी जे केले ते त्यांच्या या एका वाक्यातूनच सुचले.

त्याआधी फेन्सचे दोन दोष सांगितले पाहिजेत. पहिला असा की, फेन्स जागेवर घट्ट करणारे कुलूप दाबताना तिचे मागचे टोक पात्याकडे झुकत होते. माइटर गेजच्या, म्हणजे आडवे कापताना लाकूड पुढे ढकलायच्या सरकत्या टेकूच्या, टेबलावरील खाचेपासून फेन्सपर्यंतचे अंतर पुढे आणि मागे मोजले तेव्हा 0.3 मिलिमीटरचा फरक आला. मागचे टोक पात्याकडे असणे केवळ चुकीचे नव्हे तर धोक्याचेही आहे, कारण लाकूड पाते आणि फेन्स यांच्यामध्ये चेपले जाऊन कामगाराच्या अंगावर फेकले जाते. स्क्रू ढिले करून ती समांतर करायला मला तासभर लागला आणि माहितीपुस्तिकेत यासाठी बोटाएवढे एक चित्र आहे, बाकी काही नाही. एकदा बसवल्यावर मात्र ती आजपर्यंत हललेली नाही, हे यंत्राच्या बाजूने नोंदवतो. दुसरा दोष दात्यांमधल्या ढिलाईचा आहे. मूठ उलट दिशेला फिरवली की फेन्स हलण्याआधी ती थोडी रिकामीच फिरते. यावर उपाय सोपा आहे: फेन्स प्रत्येक वेळी एकाच बाजूने जागेवर आणायची, पुढे गेली तर मागे घेऊन पुन्हा आणायची.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. सागवानाची एक पट्टी रंध्याने इतकी पातळ केली की पात्याने कापलेल्या एका खाचेत ती बोटाच्या दाबाने बसली आणि उलटी धरली तरी पडली नाही. ही झाली पात्याच्या खाचेची जाडी, माझ्या पात्याची 3.1 मिलिमीटर. दुसरे माप म्हणून फळीच्याच प्लायचा तुकडा घेतला. फेन्सच्या पलीकडे, म्हणजे पात्याच्या विरुद्ध बाजूला, टेबलावर एक ठोकळा क्लॅम्पने घट्ट केला. ठोकळा आणि फेन्स यांच्यामध्ये सागवानाची पट्टी धरून फेन्स टेकवली, कुलूप लावले, पट्टी काढली आणि पहिली कड कापली. मग पट्टीच्या जागी प्लायचा तुकडा धरून फेन्स पुन्हा लावली आणि दुसरी कड कापली. फेन्स पात्याकडे सरकली ती 17.5 वजा 3.1, म्हणजे 14.4 मिलिमीटर, त्यात पात्याची स्वतःची खाच मिळवली की खोबण बरोबर फळीएवढी होते. यात आकडा कुठेही वाचावा लागत नाही. रद्दी तुकड्यावरची पहिली खोबण जरा घट्ट वाटली, तेव्हा प्लायच्या तुकड्याला साधा छपाईचा एक कागद जोडला. तो सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. पुढच्या खेपेला फळी तळहाताच्या दाबाने आत गेली आणि कपाटाची बाजू उचलली तरी तशीच राहिली.

खोबण आरपार जात नसल्यामुळे पात्यावरचे संरक्षक झाकण काढावे लागते. पात्यामागची पोलादी पट्टी, जिला रिव्हिंग नाइफ म्हणतात, ती मात्र काढू नये. पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली लावून ठेवावी. या यंत्रात ती सुट्या हत्याराशिवाय खाली-वर करता येते, ही सोय मला फार आवडली. यंत्रासोबत आलेल्या पात्याचे दात एकाआड एक तिरके असल्यामुळे खोबणीच्या तळाशी बारीक उंचवटे राहतात. ते पटाशीने साफ केले. सपाट दातांचे पाते घेतले तर हे काम वाचेल.

एक तक्रार उरते आणि तिच्यावर मला उपाय सापडला नाही. फेन्स पात्यापासून लांब नेली की दातेरी पट्टीसह ती टेबलाच्या कडेबाहेर जाते आणि मग ठोकळा लावायला जागाच राहत नाही. त्यामुळे कपाटाच्या दोन्ही टोकांकडच्या खोबणी या यंत्रावर उत्तम झाल्या. मधल्या फळीच्या खोबणी मात्र सरळ पट्टी लावून राउटरनेच (फिरत्या कटरने लाकूड कोरणाऱ्या हातयंत्राने) पाडाव्या लागल्या. लांब फळी या लहान टेबलावर एकट्याने सांभाळणेही कठीण आहे, पलीकडे कोणीतरी धरायला हवे.

पावसाळ्यात दातेरी पट्टीवर गंजाचे ठिपके आले. तेल लावू नका, कारण भुसा चिकटून दाते जड चालतात. ब्रशने साफ करून मेण लावल्यापासून त्रास नाही.

हे यंत्र मी पुन्हा विकत घेईन, पण दुकानात व्हर्नियर खिशात घेऊन जाईन. समोर ठेवलेल्या नमुन्याची फेन्स पाच वेळा सोडून पाच वेळा लावावी आणि दर वेळी पुढचे व मागचे अंतर मोजावे. दोन्हींमधला फरक पाचही वेळा सारखाच आला तर तो स्क्रूंनी घालवता येतो. दर वेळी वेगळा आला तर पैसे देऊ नयेत.